परदेशातला पहिला आठवडा आणि आपला चौथीचा वर्ग



परदेशात शिकायला जाणं हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या लेखात कशाला, असं तुम्हाला वाटेल. तो विद्यापीठाचा विषय, आपण पाढे आणि जोडाक्षरं शिकवणारी माणसं. पण आज चौथीच्या बाकावर बसलेलं मूल अकरा-बारा वर्षांनी कुठं असेल, याचा जरा विचार करा. त्यातलं एखादं सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात शिकायला जाईल. ते आता काही फक्त शहरातल्या, पैसेवाल्या घरांपुरतं राहिलेलं नाही. तिथं पहिल्या सात दिवसांत त्याला जे जे लागणार आहे, त्यातलं बरंचसं कुठलंच विद्यापीठ शिकवत नाही. ते आपल्या वर्गात आणि तुमच्या घरात शिकून होतं, नाहीतर राहून जातं. म्हणून हा पाठ.

विनिमय विद्यार्थी म्हणजे कोण?

आधी शब्द समजून घेऊ. विनिमय म्हणजे देवाणघेवाण. दोन विद्यापीठं करार करतात: तुमचे काही विद्यार्थी आमच्याकडे, आमचे काही तुमच्याकडे, एक सत्र किंवा एक वर्ष. पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळते. शिक्षण शुल्क बहुधा आपल्याच विद्यापीठात भरायचं, तिथं वेगळं द्यावं लागत नाही. तिथं पास केलेल्या विषयांचे श्रेयांक इकडे धरले जातात. युरोपात एका सत्राला साधारण ३० श्रेयांक असतात. कोणते विषय घेणार हे जाण्याआधीच कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या असतात.

अशा योजनांचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेचा फुलब्राइट कार्यक्रम १९४६ मध्ये सुरू झाला. युरोपातला इरॅस्मस कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला, तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. जर्मनीची शैक्षणिक विनिमय सेवा, जिला सगळे 'डाड' म्हणतात, ती तर १९२५ सालची आहे.

आपण उदाहरण जर्मनीचं घेऊ. पुण्यामुंबईत जर्मन शिकणारी मुलं पुष्कळ आहेत. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. आणि जर्मनीला शिकायला जाणं ही आपल्याकडे नवी गोष्टही नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि तिथून डॉक्टरेट घेऊन आल्या. तेव्हा घरी पाठवलेलं पत्र बोटीनं यायचं, त्याला आठवडेच्या आठवडे लागायचे.

आपल्या पाठातली ताई

पाठासाठी आपण एक मुलगी कल्पू. तिला नाव नको, 'ताई' म्हणू. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली, पुढे पुण्याला कॉलेजात गेलेली. आता एका सत्रासाठी हायडेलबर्गला निघाली आहे. हायडेलबर्ग हे नेकार नदीकाठचं गाव. तिथलं विद्यापीठ १३८६ मध्ये स्थापन झालेलं, आजच्या जर्मनीतलं सर्वात जुनं. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास मात्र ऑक्टोबरच्या मध्यावर भरायला लागतात. मधल्या दिवसांत नवीन मुलांनी स्थिरावायचं असतं. ताई त्याच दिवसांत पोचते. चला, तिच्याबरोबर आठवडा काढू.

सोमवार : वाट शोधणे

मुंबईहून फ्रँकफर्टला विमानानं साधारण नऊ तास. तिथून हायडेलबर्ग सुमारे ८० किलोमीटर, रेल्वेनं जायचं. स्टेशनावर तिकीट तपासणारं फाटक नाही. कुणी अडवत नाही, सरळ डब्यात चढता येतं. पण आत तपासनीस आला आणि तिकीट नसलं, तर स्थानिक गाडीत ६० युरो दंड. म्हणजे व्यवस्था विश्वासावर चालते आणि विश्वास मोडला तर जबर किंमत मोजावी लागते.

स्टेशनाबाहेर रस्ता ओलांडायचा. आपण पहिलीपासून शिकवतो, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे आधी डावीकडे बघायचं. वीस वर्षांची सवय पाय उचलताना आड येते. त्यात फुटपाथला लागून सायकलींची वेगळी पट्टी असते. तिच्यावर उभं राहिलं की मागून घंटी वाजते आणि सायकलवाला काही थांबत नाही.

इथं आपण शिक्षकांनी एक लक्षात घ्यावं. नियम पाठ असणं वेगळं आणि नियमाचं कारण माहीत असणं वेगळं. "ज्या बाजूनं गाडी आधी येईल तिकडे आधी बघा" असं शिकलेलं मूल कोणत्याही देशात रस्ता ओलांडेल.

मंगळवार : नाव, पत्ता, सही

वसतिगृहात खोली मिळाली. चार खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर. खाट-गादी आहे, चादर-उशी बहुतेक ठिकाणी आपली आपण आणायची. दाराशी बेल आहे, पण तिच्यावर खोली क्रमांक नाही, आडनाव आहे. पत्रपेटीवरही आडनावच. आपल्याकडे "तिसरा मजला, फ्लॅट नंबर बारा" चालतं. तिथं बहुतेक पत्त्यांत घराचा क्रमांक असतो, आतल्या खोलीचा नसतो. पत्रपेटीवर नाव चिकटवलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो. आणि बँकेचं कार्ड, विम्याचे कागद, सरकारी क्रमांक, सगळं पोस्टानंच येतं! म्हणून पहिलं काम, नावाची चिठ्ठी लावणं.

दुसरं काम नोंदणी. नवीन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. हा कायदा जर्मन नागरिकांनाही आहे. त्यासाठी घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा दाखला लागतो. आधी दाखला, मग नोंदणी, आणि पुढची बरीचशी कामं नोंदणीच्या कागदावर. एक कागद दुसऱ्या कागदाच्या खांद्यावर उभा असतो. मधला निसटला की वरचे सगळे अडले.

फॉर्मवर दोन रकाने असतात, स्वतःचं नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं. ते कुठं लिहायचं? उत्तर सोपं आहे, पासपोर्टवर जसं आहे तसंच, सगळीकडे एकसारखं. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं झालं की माणसं दोन होतात.

पालकहो, तुमच्या दहावी-बारावीतल्या मुलानं आजवर एखादा फॉर्म स्वतः भरला आहे का? की रांगेत तुम्ही उभे राहिलात आणि त्यानं फक्त सही केली?

बुधवार : आकडे आणि घड्याळ

आता आपल्या विषयाकडे, गणिताकडे. ताई दुकानात गेली. पाटीवर लिहिलंय २,५०. म्हणजे अडीच युरो. तिथं दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतात आणि हजार दाखवायला टिंब. म्हणजे १.५०० हे दीड नाही, दीड हजार! घरभाड्याच्या कागदावर हे उलटं वाचलं तर काय होईल, ते मुलांनाच विचारा. मजा येते. हातानं लिहिताना तिथली माणसं इंग्रजी एकाच्या अंकाला वर लांब शेंडी काढतात, तो आपल्याला सातासारखा दिसतो. म्हणून खऱ्या सातावर ते आडवी रेघ मारतात.

मग घड्याळ. कुणी सांगितलं, 'हाल्ब त्सेन'ला ये. हाल्ब म्हणजे अर्धा, त्सेन म्हणजे दहा. ताईनं 'साडे' धरून साडेदहा समजलं तर ती तासभर उशिरा पोचेल, कारण त्याचा अर्थ आहे दहाकडे जाताना अर्धा तास, म्हणजे साडेनऊ. आपण झालेल्या तासावर अर्धा चढवतो, ते येणाऱ्या तासाचा अर्धा मोजतात. पण थांबा, आपणही असं मोजतो की! 'पावणेदहा' म्हणजे दहाला पाव कमी. जो मुलगा 'पावणे' समजून घेऊन शिकला, त्याला 'हाल्ब' कळायला दोन मिनिटं लागतील.

आणखी एक गंमत. विद्यापीठाच्या वेळापत्रकात वेळेपुढं 'सी. टी.' लिहिलेलं असलं तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. १० सी. टी. म्हणजे सव्वादहा. ही जुनी लॅटिन रूढी आहे. आणि 'एस. टी.' लिहिलं असलं तर अगदी ठोक्याला. आपल्याकडे एस. टी. म्हटलं की थोडं मागं-पुढं आपण धरूनच चालतो, तिथं उलट!

गुरुवार : भाषा

ताई घाबरलेली होती ती भाषेला. पण इथं तिची मायबोली मदतीला येते, आणि हे मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकानं वर्गात सांगावं असं आहे.

इंग्रजीत नामांना आपल्यासारखं लिंग नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. मराठीतही तीनच. 'तो, ती, ते' करत वाढलेल्या मुलाला ही कल्पना नवी नाही. चंद्र तिथंही 'तो' आहे, सूर्य मात्र 'ती'! मूल तिथंही 'ते'. मुलीसाठीचा रोजचा शब्दही तिथं नपुंसकलिंगी आहे, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं तर आपलं 'ते पोरगं' आठवावं.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. सोबतच्या विद्यार्थ्यांना तू, प्राध्यापकांना आणि कार्यालयातल्या माणसांना तुम्ही. हे आपल्या मुलांच्या अंगातच मुरलेलं आहे. आणि संख्या? इंग्रजीत वीस-एक म्हणतात. जर्मनमध्ये 'एक-आणि-वीस'. आपलं एकवीस तसंच आहे, आधी एकक, मग दशक. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस अवघड वाटतात म्हणून आपण ते सोडून देतो. सोडू नका. मायबोलीचं व्याकरण पक्कं असलं की तिसरी भाषा शिकताना हाताशी खुंटी असते.

याच हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवत. हे जर्मन संशोधक मराठी शिकले, महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या वाड्यांवर राहिले, खंडोबा-बिरोबाच्या ओव्या आणि कथा त्यांनी गोळा केल्या. १९९२ मध्ये ते गेले. परक्या मुलखात स्थिरावणं म्हणजे तिथल्या माणसांची भाषा त्यांच्या अंगणात बसून ऐकणं, हे त्यांच्याकडून शिकावं. विनिमय दोन्ही बाजूंनी होतो तो असा.

शुक्रवार : वर्ग आणि स्वयंपाकघर

नवीन मुलांसाठी परिचयाचं व्याख्यान झालं. संपल्यावर सगळे विद्यार्थी बाकावर बोटांची पेरं आपटू लागले, टकटक टकटक. ताई दचकली. आपल्या वर्गात कुणी असं केलं तर आपण काय करू ते सांगायला नको! तिथं मात्र तो प्राध्यापकांचा सन्मान आहे, आपल्या टाळ्यांसारखा.

छोट्या चर्चावर्गात मात्र टाळ्या-टकटक नाही, बोलावं लागतं. "तुला काय वाटतं?" असा प्रश्न येतो. पुस्तकात काय आहे हे सांगून भागत नाही. आपल्याकडून गेलेली हुशार मुलं पुष्कळदा इथं गप्प होतात. उत्तर येत असतं, पण ते आपलं स्वतःचं मत म्हणून मांडायची सवय नसते. ही सवय विसाव्या वर्षी लावणं फार जड जातं. चौथीत सोपं आहे.

संध्याकाळी ताईनं स्वयंपाकघरात वरण केलं. फोडणीचा धूर झाला की धूर ओळखणारा भोंगा वाजू शकतो, म्हणून आधी खिडकी उघडावी, दार लावून घ्यावं. मग कचरा. कागद एकीकडे, वेष्टनं दुसरीकडे, भाजीची सालं तिसरीकडे, उरलेलं चौथीकडे. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेट्यांत, त्याही पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या. पाण्याच्या बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत. आपल्याकडे सोड्याची बाटली परत दिल्यावर पैसे मिळायचे, तेच.

रात्री दहानंतर शांतता. मिक्सर नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. घरी फोनवर मोठ्यानं बोलणंही शेजारच्या खोलीत ऐकू जातं.

शनिवार-रविवार : खरी परीक्षा

रविवारी दुकानं बंद असतात. सगळी नव्हे, स्टेशनातली काही आणि काही बेकऱ्या थोडा वेळ उघड्या असतात, पण किराणा नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मन राज्यघटनेनंच राखलेला आहे. शिवाय ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा राष्ट्रीय दिन, त्या दिवशीही कुलपं. तेव्हा शनिवारी दूध-ब्रेड आणून ठेवायचं हा धडा नवी मुलं पहिल्याच आठवड्यात शिकतात.

पण रविवारची परीक्षा पोटाची नसते, मनाची असते. पाच दिवस पळापळीत गेले. आज कुठं जायचं नाही. रस्ते शांत. सोबतचे आपापल्या घरी गेलेले. खिडकीबाहेर ढग. घरी सगळे जेवायला बसले असतील हे आठवतं आणि गळा दाटून येतो. आपल्याला काय झालंय हे कळत नाही. "एवढं चांगलं मिळालं आणि मी रडते?" असं वाटून अपराधीही वाटतं.

याला नाव आहे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात 'सांस्कृतिक धक्का' ही कल्पना लोकांपुढं मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या गावात आपण रोज शेकडो बारीक खुणांवर चालत असतो. कधी हसायचं, कुणाला नमस्कार करायचा, किती जवळ उभं राहायचं, 'नको' म्हटलं तर ते खरं की भिडेचं. परक्या ठिकाणी या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात आणि माणूस थकतो. स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट पाहुण्यांचा अभ्यास केला. त्यात आधी आनंद, मग उतार, मग पुन्हा चढ असा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आकार त्याला दिसला. पुढे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मात्र सर्वात जास्त ताण अगदी सुरुवातीलाच दिसला. म्हणजे पहिल्याच आठवड्यात रडू येणं हे दुबळेपणाचं लक्षण नाही. ताप आला की अंग दुखतं, तसं आहे ते.

ताईनं काय करावं? बाहेर पडावं, नदीकाठानं चालावं, उजेडात राहावं. स्वयंपाकघरात जे कोणी असेल त्याला चहा विचारावा. बऱ्याच विद्यापीठांत नवीन मुलाला एक जुना सोबती जोडून देतात, त्याला फोन करावा. आणि आठवड्यांमागून आठवडे झोप-भूक नाहीशी झाली, तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जावं. जीवावर बेतलं तर ११२ हा क्रमांक, पोलिसांसाठी ११०. हे जायच्या आधीच फोनमध्ये असावं.

पालकांसाठी थोडं

जर्मनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्या साडेतीन तास मागं असते, नंतर साडेचार तास. तिची रात्रीची साडेआठची वेळ म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपली मध्यरात्र. म्हणून फोनची वेळ ठरवून घ्या. दिवसातून सहा वेळा फोन केला तर मुलगी शरीरानं तिथं आणि मनानं तुमच्या ओट्यापाशी राहते. शेजारच्या खोलीतल्या मुलीशी बोलायला तिला सवडच उरत नाही.

"जेवलीस का?" जरूर विचारा, त्याशिवाय आईला चैन पडायचं नाही. पण त्याला एक प्रश्न जोडा. "आज कुणाला काही विचारलंस?" आणि ती रडली तर "ये परत" किंवा "रडायचं काय त्यात" यातलं काहीच लगेच म्हणू नका. ऐका. शेवटी विचारा, "उद्या सकाळी पहिलं काय करणार आहेस?" उद्याचं एक छोटं काम माणसाला उभं करतं.

आता आपल्या वर्गाकडे

मित्रांनो, इथवर वाचून "आमच्या शाळेतलं कोण जर्मनीला चाललंय" असं म्हणत असाल, तर जरा वर्गाच्या दाराकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडचं एखादं मूल आपल्या वर्गाच्या दारात येऊन उभं राहतं. बांधकामावरच्या मजुराचं, घरी हिंदी किंवा कन्नड बोलणारं मूल येतं. त्याच्यासाठी आपला वर्ग हेच परदेश. त्याला बाई काय म्हणतात ते निम्मं कळत नाही, पाण्याची टाकी कुठं, शौचालय कुठं, डबा कुणाबरोबर खायचा, माहीत नाही. ताईला परिचयाचं व्याख्यान आहे, सोबती आहे, समुपदेशक आहे, परतीचं तिकीट आहे. ताई विसाव्या वर्षी गेली, हे आठव्या वर्षी आलंय. आणि ते स्वतःच्या इच्छेनं आलेलं नाही.

त्याचा पहिला आठवडा आपल्या हातात आहे. त्या सात दिवसांत त्याला कुणी नावानं हाक मारली नाही, तर आठव्या दिवशी ते फडावरच थांबतं, धाकट्या भावंडाला सांभाळत. हजेरीपटावर नुसती एक रेघ दिसते, पण मूल गेलेलं असतं.

कायद्यानं आपली बाजू स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मूल आधी वर्गात, कागद मागून. पण कायदा बाकावर जागा देतो, शेजारी सरकून बसायला मुलांनाच शिकवावं लागतं.

करून पाहण्याजोगे उपक्रम

१. सात दिवसांचा सोबती : नवीन मुलाला एक सोबती द्या. वर्गातला सर्वात हुशार नको, सर्वात बोलका आणि मायाळू हवा. त्याला पाच कामं सांगा: नाव नीट विचारणे, पाणी-शौचालय दाखवणे, डबा बरोबर खाणे, एका खेळात घेणे, नवीन मुलाच्या भाषेतले तीन शब्द शिकणे. शेवटचं काम विसरू नका. त्यामुळे नवीन मूलही कुणालातरी शिकवणारं होतं.

२. माझा फॉर्म मी भरणार : तिसरी-चौथीला नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, पिनकोड असे रकाने आखून द्या. दर महिन्याला एकदा. पत्ता पाठ नसलेली मुलं किती निघतात ते बघा.

३. घड्याळाची अदलाबदल : फळ्यावर साडेनऊ काढा. आपण काय म्हणतो, जर्मन मुलगा काय म्हणेल? मग पावणे, सव्वा, साडे या तिन्हींचा अर्थ मुलांकडूनच काढून घ्या.

४. अनोळखी माणसाला विचारणे : शाळेतल्या शाळेत नाट्यीकरण. पोस्टात, बस स्थानकावर, दवाखान्यात काय विचारायचं, कुणाला तुम्ही म्हणायचं, कळलं नाही तर "पुन्हा सांगाल का?" कसं म्हणायचं. हे शेवटचं वाक्य सोन्याच्या मोलाचं आहे.

५. मला वाटतं की… : परिपाठात रोज एक मूल एका गोष्टीवर आपलं मत आणि त्याचं एक कारण सांगेल. चूक-बरोबर म्हणायचं नाही.

६. घरचा गृहपाठ, पालकांसह : स्वतःचं ताट धुणे, अंथरूण घालणे, पन्नास रुपयांत यादीप्रमाणे सामान आणून हिशोब देणे. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखंच.

स्वाध्याय

मुलांसाठी :
१. 'हाल्ब त्सेन' म्हणजे किती वाजले? तुम्ही कसं ओळखलं?
२. पत्रपेटीवर नाव नसलं तर ताईची कोणकोणती कामं अडतील? क्रमानं लिहा.
३. तुमच्या वर्गात उद्या नवीन मूल आलं तर पहिल्या दिवशी त्याला काय काय दाखवाल?

मोठ्यांसाठी :
१. आपलं मूल आजपासून सात दिवस एकटं राहिलं, तर त्याला कोणती तीन कामं येणार नाहीत?
२. ती तीन कामं त्याला कधीपासून शिकवणार? तारीख लिहून ठेवा.

उपक्रम क्रमांक एक तर याच आठवड्यात सुरू करता येईल. त्याला ना साहित्य लागतं ना निधी. वर्गात नवीन कुणी नसेल तर जो मुलगा डबा नेहमी एकटाच खातो, त्याच्यापासून सुरुवात करा.